पूजेत बसलेला सर्ज प्रोटेक्टर

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी शिकवायला नको – मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे, यूपीएस बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंग बघते. आमच्या घरात भुतांपेक्षा खराब अर्थिंगची भीती जास्त. इथले अनुभव मी आवडीने वाचते आणि वाचून झालं की नवऱ्याला म्हणते, "यांनी आधी वायरिंग तपासायला हवं होतं." त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तो मघापासून हसतोय. हसू दे.

आम्ही वारज्याला राहतो. मी, नवरा सुहास, सासूबाई – त्यांना मी आईच म्हणते – आणि सासरे, नाना. नाना खडकीहून डिफेन्सच्या नोकरीतून रिटायर झाले. घरात बसणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. रविवार उजाडला की पिशवी खांद्याला लावून कुठेतरी निघालेच. मग फुफ्फुसांचं दुखणं मागे लागलं आणि नाकाला नळी आली. ऑक्सिजनचं मशीन भिंतीतल्या प्लगला आणि नाना मशीनला. वर्षभर हॉल ते बाल्कनी एवढंच. डॉक्टर म्हणत होते, मशीन चालू राहणार असेल तर खुशाल बाहेर पडा. पण नानांच्या मनात एकच भीती बसली होती – बाहेर गेलो आणि लाईट गेली तर? पुढे पुढे ते बाल्कनीतही जाईनात. "काय बघायचंय तिथे? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे?" असं म्हणून टीव्ही लावायचे. आतून मला फार वाईट वाटायचं.

म्हणून आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिची मोटरहोम करून घेतली. बेड, छोटा एसी, छतावर सोलर, मोठी बॅटरी, इन्व्हर्टर. वायरिंग सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आणि एक पिवळा डबा – सर्ज प्रोटेक्टर. कॅम्पसाइटवर आपण गाडीचा प्लग लावतो तिथल्या लाईटचा काही भरवसा नसतो. कुठे अर्थिंग नावालाच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाईनचं न्यूट्रल तुटणं. तसं झालं की दोनशेतीसच्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात आणि जे जे लावलेलं असेल ते जळतं. म्हणून बोर्ड आणि गाडी यांच्या मध्ये हा डबा लावायचा. दणका आला तर तो स्वतः जातो, गाडी वाचते.

गाडी तयार झाली, पण नाना काही निघेनात. आज नको, उद्या बघू. आणि मग खंडेनवमीला सकाळी चहा पिता पिता, कुणी विषयही काढलेला नसताना म्हणाले, "आज जायचं का कुठेतरी? जवळच." सुहासच्या हातातला कप तसाच राहिला. मी म्हटलं, "निघू या की." आवाज साधा ठेवायला मला कष्ट पडले.

आई येणार नव्हत्या. नवरात्रातला नंदादीप, घराला कुलूप लावून कसं चालेल? नाश्ता आटोपून मी डबा घ्यायला गेले… तर डबा पूजेत. आदल्या संध्याकाळी मी तो तपासून, हिरवा दिवा लागतोय ना बघून, टेबलावर ठेवला होता. आईंनी पहाटे उठून खंडेनवमीची हत्यारं मांडली होती – विळी, कात्री, पक्कड, माझा मल्टिमीटर आणि तो डबा. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल.

"आई, हा डबा लागेल मला."

"पूजेला बसलेलं हत्यार उचलायचं नसतं. उद्या आरती झाली की घे."

"अहो, ते हत्यार नाहीये."

"मग काय आहे? रक्षण करतं असं तूच सांगितलंस ना?"

आतून नानांचा आवाज आला, "वाद होत असेल तर राहू द्या, नकोच जायला." संपलं. मनात हिशेब केला की बॅटरी फुल आहे, वर सोलर आहे, बाहेरचा प्लग लावायचाच नाही. हाय काय नि नाय काय.

वारज्याच्या पुढे नदीच्या अंगाला, अलीकडेच महापालिकेत आलेल्या एका गावात दत्ताभाऊ म्हणून आहेत. त्यांनी शेताच्या कडेला कॅम्पसाइट काढलीये. आम्ही पोचलो. नानांना ऊन नको म्हणून गाडी चिंचेखाली लावली, म्हणजे सोलर गेलं. ऑक्टोबरचा उकाडा, एसी लावला, म्हणजे बॅटरी गेली. दुपार कलेपर्यंत ती इतकी उतरली की मला बसवेना. नाना मात्र खिडकीतून शेताकडे बघत होते आणि चक्क दत्ताभाऊंशी भुईमुगावर बोलत होते. परत चला असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

"दत्ताभाऊ, लाईट कशी आहे तुमची?"

"एकदम क्लास हाय ताई. कायबी टेन्शन घिऊ नका."

व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर पूजेत. त्यांच्याकडचा साधा टेस्टर लावला, त्यातला दिवा लागला. टेस्टर फक्त लाईट आहे एवढं सांगतो, किती आहे ते नाही. हे मी नव्या मुलांना शिकवते! तरी मी प्लग लावला, थेट बोर्डात. शेजारच्याच सॉकेटला दत्ताभाऊंचा फ्रिज होता.

दिवेलागणीच्या सुमाराला गावात देवीच्या मंडपाची रोषणाई सुरू झाली आणि थोड्याच वेळात शेतावरचे दिवे एकदम पांढरेफटक झाले. इतके की डोळ्यांवर आले. मला लगेच कळलं. न्यूट्रल गेलं. मी बोर्डाकडे धावले, पण पोचेपर्यंत फटाफट बल्ब फुटले, फ्रिजमधून धूर आला, तंबूतल्या लोकांचे चार्जर गेले, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर गेला. मी प्लग उपटला. गाडीतला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घरापर्यंत पुरला असता, तेवढाच एक आधार. पण मला माहीत होतं, आज नानांना सिलिंडर लावून पळवत घरी नेलं, तर हा माणूस पुन्हा उंबरा ओलांडणार नाही.

दार उघडलं तर मशीन चालू होतं. एसी चालू होता. सुहास म्हणाला, "काय झालं? बाहेर आवाज कसला?" आतला दिवा साधा लुकलुकलासुद्धा नव्हता. मी इन्व्हर्टर बघितला, फ्यूज बघितले, बॅटरीचा चार्जर हुंगला. सगळं ठणठणीत.

तेवढ्यात आईंचा फोन.

"अगं, तुझा तो पिवळा डबा फट्कन वाजला. आत्ताच. जळका वास येतोय."

मी विचारलं, "कशाला लावला होतात का तो?"

"कशाला लावणार? समईला?"

दत्ताभाऊंनी दुरुस्ती होईपर्यंत शेजारच्या पोल्ट्रीचा जनरेटर आणून दिला, त्यावर बॅटरी भरली. मी म्हटलं, "नाना, घरी जायचं का?" ते बाहेर खुर्चीत बसले होते, नळी खिडकीतून आत गेलेली. सगळ्या गावात अंधार. म्हणाले, "जायचंय तर तुम्ही जा. मी वर्षभर ज्याला घाबरत होतो ते आज झालं ना? झालं आणि मी बसलोय." आणि वर, "भुईमूग उकडायला सांग." मला रडूच आलं. अंधार होता म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो आणि आरती झाल्यावर मी डबा उघडला. दणका झेलणाऱ्या आतल्या चकत्या फुटून काळ्या पडलेल्या. खालचं कापड स्वच्छ, वरचं झेंडूचं फूल टवटवीत, पिनांवर कुंकू तसंच. समईपासून तो चांगला हातभर लांब होता. सर्व्हिस सेंटरचा माणूस म्हणाला, "मॅडम, याला लाईनवर जबरदस्त फटका बसलाय." मी म्हटलं, लाईनवर नव्हताच. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पावती घेऊन गप निघाले.

मी सगळे मार्ग तपासले. चकत्या आधीच खराब असतील? आदल्या दिवशी मीच टेस्ट केल्या होत्या. गाडीच्या चार्जरने झेललं असेल? तो त्याच्या निम्म्या दणक्यातही गेला असता, तसाच एक मी नंतर आमच्या टेस्ट बेंचवर लावून बघितला – गेला. आमचा फेज वेगळा? मग शेजारच्या सॉकेटमधला फ्रिज का जळला? सुहास म्हणतो योगायोग. आईंना विचारलं तर त्या म्हणतात, "त्यात काय एवढं? त्याचं काम त्याने केलं," आणि कोथिंबीर निवडायला लागतात.

मला उत्तर सापडलेलं नाही. उत्तर नसलं की मला झोप लागत नाही, असा माझा स्वभाव आहे. नवा डबा आणलाय, तो कायम गाडीतच असतो आणि मी तो लावल्याशिवाय प्लगला हातही लावत नाही. डब्याशिवाय प्लग कुणीही लावू नये, देवाच्या भरवशावर तर अजिबात नाही. इथे कुणी इलेक्ट्रिकलवालं असेल तर माझं कुठे चुकतंय ते जरूर लिहा, मला खरंच हवंय. फक्त घाई करू नका. या आठवड्यात मी उत्तर देऊ शकणार नाही… नाना गणपतीपुळ्याला निघालेत, पिशवी त्यांनी आत्ताच भरून दारात ठेवलीये, आणि "सूनबाई, आटप" म्हणून मला तिसऱ्यांदा हाक मारतायत.