तिसऱ्यांदा वाजला की

मामा हे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. ते फुटबॉलपटूंचे एजंट. खेळाडूला क्लब बघून द्यायचा, घासाघीस करून करार पदरात पाडून घ्यायचा, हा त्यांचा धंदा. ऑफिस म्हणजे दातांच्या दवाखान्यावरची एक खोली. टेबल, दोन खुर्च्या आणि खालून दिवसभर दात कोरण्याची घरघर. तिथे बसून या गृहस्थांनी अडतीस खेळाडू क्लबांच्या गळ्यात मारले, आणि त्यातले सात-आठ तर धड पळतसुद्धा नव्हते.

मामांची एक खोड होती. क्लबचा फोन पहिल्यांदा वाजला की उचलायचा नाही. दुसऱ्यांदा वाजला तरी नाही. तिसऱ्यांदा वाजला की उचलायचा आणि वर विचारायचं, "कोण बोलतंय?" पहिल्या फोनला उचलला तर समोरच्याला वाटतं माल पडून आहे, असं त्यांचं म्हणणं. भाव खायचे नुसते. पण वर्षानुवर्षं ते खपलं, हेही खरंच. मामी म्हणायच्या, "मी मेले तरी हे तिसऱ्याच फोनला उचलतील." मामा हसायचे. यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

बाकीचे खेळाडू नाव झाल्यावर मोठ्या कंपन्यांकडे निघून गेले. राहिला एकच, सगळे ज्याला खांब म्हणायचे तो. उंचापुरा, अबोल गोलकीपर, मामांचा पहिला खेळाडू, सतरा वर्षं त्यांना चिकटून. आता तो छत्तिशीला आला होता. त्याला एकच मोसम हवा होता, शेवटचा. मुलगी पाच वर्षांची झाली होती, आपला बाप काय करतो हे तिला आत्ता कुठे कळायला लागलं होतं. तिनं एकदा तरी मैदानात बसून आपल्याला बघावं, एवढंच त्याचं मागणं.

एका लहान क्लबनं होकार भरला, पैशाचं तेवढं मामांशी फोनवर ठरायचं राहिलं होतं. नोंदणीचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. त्यानंतर सहा महिने कुणालाच खेळाडू घेता येत नाही, आणि सहा महिने घरी बसलेल्या छत्तीस वर्षांच्या गोलकीपरला कोण विचारतो?

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मामांनी नाव बघितलं आणि चहा ओतून घेतला. चार बावीसला पुन्हा वाजला. मामा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग वाजलाच नाही. पाचला दहा कमी असताना त्यांनी स्वतः लावला, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "आम्ही दुसऱ्याला घेतला. सही पण झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब आला. खुर्चीत बसला, गुडघे टेबलाला लागले.

"त्यांचा फोनच आला नाही रे," मामा म्हणाले. "शब्दाला जागणारी माणसंच नाहीत ती."

"मी तिथेच होतो, मामा. डॉक्टरनं तपासून पास केलं होतं मला. मॅनेजरनं माझ्यासमोर फोन स्पीकरवर टाकला. दोन्ही वेळा वाजून वाजून थांबला."

मामांचं तोंड एवढंसं झालं. "अरे, मग सांगायचंस ना त्याला, पुन्हा लावा म्हणून. नाहीतर तू लावायचास."

"बोलणी चालू असताना खेळाडूनं मध्ये तोंड घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी कधी घातलं नाही."

तो चिडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मामांना बरं वाटलं असतं. पण तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "आता कुठेतरी नोकरी बघायला हवी. अर्जात काय लिहू? मला काय काय येतं ते तुम्ही सतरा वर्षं लोकांना सांगत आलात. गोल अडवणं सोडून काय येतं, ते सांगा."

मामांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. खांबाचं नाव लिहिलं, त्याखाली उंची लिहिली. पुढे काय लिहावं, ते त्यांना सुचेना.