गिरजाबाईची फुंकर

पावण्याच्या एमआयडीसीत एखादी बातमी पसरवायची असेल, तर ती चहावाल्या सदूच्या कानात सांगावी आणि वर ‘कुणाला बोलू नकोस’ म्हणावं. संध्याकाळच्या आत ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचते, वाटेत थोडी अंगानंही भरते. यावेळची बातमी पोपटरावांची होती. बायको जाऊन दोन वर्षं झाली, वय बासष्ट, आणि म्हातारा अर्ध्या शटरआड कुणा बाईशी बोलतो. सदूनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "बघ गं जरा."

सदू खोटं बोलत नव्हता. फक्त आत बाई नव्हती.

पोपटराव मूळचे महाडकडचे. शिसवीतून तंबाखूच्या पाईपची वाटी कातायची, तिच्या बुडाशी भोक पाडून आत आटे पाडायचे आणि त्यात पितळी नळी फिरवून बसवायची, हा त्यांचा धंदा. स्वतः त्यांनी जन्मात विडी ओढली नाही. पाईप ओढते ती त्यांची बायको गिरजाबाई, असं गल्ली म्हणायची, कारण ती दारातल्या स्टुलावर दिवसभर पाईप तोंडाला लावून बसलेली असे. खरं तर ती माल तपासायची. वाटीच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि नळीतून फुंकायचं. आट्यांतून वारा सुटला की माल बाद. कुठला तंबाखू, वहिनी, असं कुणी छेडलं की म्हणायची, "तुझ्या सासऱ्यानं पाठवलाय."

तिची एक रीत होती. वाटी चांगली निघाली तर अवाक्षर न काढता पेटीत टाकायची. बिघडलेली असली तरच बोलायची, "गळतंय." तेवीस वर्षं पोपटराव ‘बघ गं’ म्हणत मागं वाटी सरकवायचे आणि पाठमोरेच लेथवर राहायचे. ती गप्प म्हणजे माल पास.

ती गेली तरी सवय राहिली. वाटी स्टुलावर ठेवायची, ‘बघ गं’ म्हणायचं, पुढची कातायला घ्यायची आणि काही ऐकू आलं नाही की पहिली पेटीत टाकायची. दोन वर्षांत एकही वाटी बाद झाली नाही.

मग व्यापारी कुंदनशेठनी अख्खी पेटी परत पाठवली. आटे ढिले, धूर बाजूनं निघतो. पुढची पेटी अशीच आली तर काम बंद, असा निरोप. काम बंद म्हणजे गाळ्याला कुलूप आणि नेरूळला मुलीकडं मुक्काम. संघप्रिया कधीची मागं लागली होती. पण ते स्टूल तिच्या हॉलमध्ये कुठं ठेवायचं? आणि तिथं ‘बघ गं’ म्हणायला हातात काय असणार?

सदूची बातमी नेरूळलाही पोचली. संघप्रिया रजा टाकून आली, चार खरमरीत वाक्यं घोकून. शटरखालून वाकून आत शिरली तर बाप पाठमोरा, स्टुलावर वाटी. "बघ गं," पोपटराव म्हणाले.

तिनं स्टुलावरची वाटी उचलली. ती गुपचूप स्टुलावर टेकली, आईसारखा तळहात दाबला आणि फुंकलं. आट्यांपाशी धरलेल्या बोटांना वारा लागला.

"गळतंय, पप्पा."

पोपटरावांनी लेथ बंद केली. वळायला मात्र बराच वेळ लागला. आटे पाडायचा टॅप काढून त्यांनी अंगठ्यानं चाचपला. दाते पार बोथट.

"बाकीच्या पण बघ," ते म्हणाले.

अकरांपैकी सात गळत होत्या. दर ‘गळतंय’ला पोपटराव मान हलवत, जणू कुणी कौतुक करतंय. चार वाजता संघप्रियानं घरी चला म्हटलं. पेटी पुरी करतो, म्हणाले. ती निघून गेली.

त्यांनी नवा टॅप चढवला, एक वाटी पुरी केली. ‘बघ गं’ ओठांवर आलं आणि थांबलं. मग ते स्वतः स्टुलावर बसले, आयुष्यात पहिल्यांदा. स्टूल बुटकं; गुडघे छातीशी आले. समोर लेथ दिसत होती आणि तिच्यापुढची, माणूस उभा राहण्याएवढी रिकामी जागा.

त्यांनी तळहात दाबून फुंकलं. वारा सुटला नाही. काही न बोलता त्यांनी वाटी पेटीत टाकली.

बाहेर सदू चहाची किटली धरून, शटरला कान लावून उभा होता. त्याला काहीच ऐकू आलं नाही.