शनिवारचं टेबल

सिंगापुरात, तोआ पायोहला आमच्या ब्लॉकखाली दर शनिवारी विद्यापीठातली पोरं टेबल मांडून बसायची. वंश पाहून भाड्याचं घर नाकारलं गेलेल्यांच्या हकिगती ती लिहून घेत. सोबत एक म्हातारे तमिळ गृहस्थ असत, जन्माने इथलेच. समोरचा बोलत असेपर्यंत ते पेनाचं टोपण काढत नसत.

मी फुशारकीनं सांगितलं, "मला लगेच मिळालं घर. एजंटला म्हटलं, आम्ही शाकाहारी, इंजिनिअर. तसले इंडियन नाही."

"तसले म्हणजे आम्ही लाह," ते इथल्या लकबीत शांतपणे म्हणाले. मग टोपण काढून माझंच वाक्य लिहू लागले. "नाव घालू?"

इथं राहू देणारा माझा वर्क पास डोळ्यांपुढे आला. मी घाईनं नको म्हणालो.

नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, "एक इंडियन."