सुपडूच्या घराचं दार

एसटी यायच्या आधी नानांनी माझ्या शर्टाची वरची गुंडी लावली. एकोणीस वर्षांच्या घोड्याची गुंडी. माझ्या डाव्या गालावर आदल्या दिवशीची चार बोटं अजून उमटलेली होती आणि ती गावाला दिसू नयेत म्हणून माझ्या बापानं मला फाट्यावरच्या टपरीच्या भिंतीकडं गाल करून उभं केलं होतं. शेजारी माय, हातात कळण्याच्या भाकरींचं गाठोडं.

"तोंड आवरजो रे पोऱ्या," माय म्हणाली.

"धुयाले वकीलजोडे ऱ्हाशी, ते बोलानी अक्कल येई," नाना म्हणाले. मग गाडी आली, आणि ज्याच्याशी उभ्या आयुष्यात ओळख नाही त्या कंडक्टरला त्यांनी हात जोडून सांगितलं, "साहेब, पोऱ्याले नीट उतारजा."

खाकी कपडे दिसले की माझ्या बापाचे हात आपोआप जोडले जायचे. कंडक्टर असो, पोस्टमन असो, मीटर वाचायला आलेला असो.

सुरतेला गेलेल्या, पुण्याला गेलेल्या, थेट दुबईला जाऊन आलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुम्ही हसाल. पारोळ्यापासून धुळं तासाभराचं. त्याला काय गाव सोडणं म्हणतात? पण तुम्ही पोटासाठी गेलात. मी तोंडामुळं गेलो. आणि जे गावातच राहिलात, त्यांना तर सगळंच माहीत आहे, कारण मला मार पडला तेव्हा तुम्ही चौकीच्या खिडकीत गर्दी करून हसत होता.

तर तोंडाची गोष्ट. गावात मला नकल्या म्हणायचे. सरपंचाचं खाकरणं, हेडमास्तरांचं प्रार्थनेनंतरचं भाषण, सुपडूचं रानातून डुकरं हाकलताना ओरडणं, सगळं मी हुबेहूब करायचो. सुपडू म्हणजे नाल्यापलीकडच्या भिलाटीतला, भिल्लांच्या वस्तीतला, आमच्या आणि शेजारच्या शेतांची राखण करणारा. तो स्वतः माझी नक्कल ऐकून खोखो हसायचा आणि म्हणायचा, "भाऊ, आज मी घरच ऱ्हास, तूच जाय रखवालीले."

पण माझा हातखंडा नग म्हणजे चौकीचा जमादार. त्याचं पोट आधी यायचं, मग तो यायचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काय?" म्हणायची त्याला खोड. "बसा, काय? चहा घ्या, काय? इथं सही करा, काय?" आणि ही शेवटची ओळ तो सगळ्यात जास्त वेळा माझ्या बापाला म्हणायचा.

कारण नाना गावाचे कायमचे पंच होते. कुठं चोरी होवो, मारामारी होवो, पंचनाम्याला दोन पंच लागतात, आणि कागदावर छापील भाषेत लिहिलेलं असतं, 'दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष'. त्या 'प्रतिष्ठित' शब्दावर माझा बाप जगायचा. जमादाराचा निरोप आला की धुतलेली टोपी घालून निघायचे, चौकीत बाकावर बसायचे, चहा प्यायचे, सही करायचे आणि कलेक्टर होऊन आल्यासारखे घरी यायचे. जागेवर जाणं, बघणं, वाचणं, असल्या हलक्या कामात ते पडत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वाचानं काम साहेबनं शे. आपलं काम सहीनं."

त्या बाजाराच्या दिवशी सकाळी निरोप आला आणि मीही मागोमाग गेलो. जमादारानं दोन फुलस्केप पुढं सरकवले. दोन्ही कोरे, खाली फक्त पेन्सिलीनं फुली, सही कुठं करायची तिथं. नानांनी चष्मा लावला. कोरा कागद बघायला चष्मा! फुलीवर सही केली, बशीतला चहा ओढला.

माझं तोंड सुटलं. जमादाराच्याच आवाजात, पोट पुढं काढून, मी म्हणालो, "नाना, आधी वाचून घ्या, काय? काहीच लिहिलेलं नाही, काय? जे नाही ते नीट समजून घ्या, काय?"

दोन शिपाई हसले. तीच चूक झाली. ते हसले नसते तर जमादारानंही सोडून दिलं असतं.

नानांना घरी पाठवलं आणि मला दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं. "पुन्हा करून दाखव," तो म्हणायचा. मी करायचो. मग एक थोबाडीत. "आता साहेबांची कर." पुन्हा एक. मला कशासाठी बसवलंय ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. नाना आले ते टोपी हातात घेऊन. पोराला का मारलं, असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. "चुकनं साहेब, लेकरू शे," एवढंच. मग मला जमादाराच्या पायावर वाकवलं. वाकलो तेव्हा त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला दिसला. सरकारी माणूस, आणि चप्पल सेफ्टीपिनेनं जोडलेली. अशा माणसाला आम्ही बठ्ठे, सगळं गाव, भीत होतो.

दुसऱ्या दिवशी एसटी.

धुळ्यात वकीलबाईंच्या ऑफिसात मायच्या नात्यातला एक कारकून होता, त्याच्या ओळखीनं मी टायपिंगला लागलो. जिन्याखालची खोली, पंखा फिरतो की थांबलाय ते कळत नाही असा, आणि समोर बाकावर खानदेशभरातून आलेली माणसं. बाईंचं वय पन्नाशीचं, आवाज कोरडा. मला वाटायचं लोक खुनाबिनाच्या गोष्टी घेऊन येत असतील. छे. सगळ्यांचे प्रश्न माझ्या बापाचेच.

शिंदखेड्याचे एक आबा यायचे, बंडीच्या खिशात तंबाखू. "बाई, पोलिसनी तोंडी निरोप धाडा, जावानं का?"

"कागद मागा. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी बोलवावं लागतं."

"मन्ही सूनले चौकीमा बलावतस."

"नाही जायचं. बाईमाणसाला विचारायचं असेल तर त्यांनी घरी यायचं."

"जबाबवर सही मांगतस."

"पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही करायची नसते, आबा. तसा कायदाच आहे."

आबा मान डोलवायचे, सगळं पटल्यासारखे उठायचे, आणि दारात जाऊन वळून विचारायचे, "पन साहेबले राग ते नही येवाव ना?"

हाच प्रश्न सगळ्यांचा. मास्तर असो, दुकानदार असो. हक्क पाहिजे, पण साहेबाची परवानगी घेऊन. मी त्यांच्या नकला बाईंना करून दाखवायचो. बाई हसायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "यांच्या छान करतोस. स्वतःची कर की. मार खाताना काय म्हणालास?" काहीच म्हणालो नव्हतो.

त्यांच्याकडूनच कळलं की, धरलं तर का धरलं ते सांगावं लागतं. चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं. वकील परवडत नसेल तर सरकारकडं मागता येतो. आणि कोऱ्या कागदावर सही केलेल्यांना बाईंच्या ऑफिसात चहा मिळायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा.

महिनाभरानं बाकावर जमना दिसली. सुपडूची बायको. डोक्यावर पदर, हातात दुधाची पिशवी, तिच्यात घडी घातलेले कागद.

"भाऊ, तू वाची दाखाड," ती म्हणाली. "मन्हा मालकनं काय लिखेल शे आठे?"

सुपडूला सोमवारी उचललं होतं आणि कोर्टापुढं आणलं शुक्रवारी. कागदावर अटक गुरुवारची. आरोप असा की त्यानं शेजारच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरली आणि ती त्याच्या घरात, चुलीमागं सापडली, दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष. पंच स्वतः घरात गेले, आत बसून त्यांनी मोटार पाहिली, ओळखली. वरच्या ओळी ऐसपैस, गाईगुरं चरतील एवढ्या अंतरानं. खाली येता येता अक्षर बारीक होत गेलेलं, शेवटच्या चार ओळी मुंग्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. कारण खाली जागा संपली होती. खाली आधीच सही होती.

नानांची सही. मी ती ओळखायच्या आधी जमना म्हणाली, "आठे नानासनी सही शे ना, भाऊ? म्हनीसनच तुनाजोडे उनू." त्या सहीसाठी ती माझ्याकडं आली होती.

बाईंनी कागद पंख्याखाली धरला, त्या मुंग्या बघितल्या आणि वकीलपत्र काढलं. दोन आठवड्यांत सुपडूला जामीन झाला. पण केस उभीच होती, आणि गुन्हा शाबित झाला तर सुपडू आत, जमना दोन पोरांसह उघड्यावर. राखणीला चोर कोण ठेवणार? दुसरा पंच गाव सोडून गेलेला, म्हणून सगळं एका माणसाच्या जबानीवर लटकलेलं, आणि तो माणूस खाकी बघून हात जोडणारा.

"मी नानांना सांगतो काय बोलायचं ते," मी म्हणालो.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराला पढवायचं नाही. तुझा बाप असला तरी नाही. ती जमादाराची पद्धत."

तरी मी गावी गेलो. जेवताना एकच प्रश्न विचारला. "नाना, तुम्ही होता का तिथं?"

नानांनी भाकरी मोडली. "कागदवर शे ना? मंग व्हतू."

हे वाक्य मी आजवर शंभर लोकांना करून दाखवलंय. प्रत्येक वेळी हशा येतो. त्या दिवशी मला मात्र ताटावरून उठावंसं वाटलं. माय म्हणाली, "सुपडू काय आपला सगा शे?" त्याच सुपडूनं मला सापापासून ओढून बाजूला केलं होतं, मी सात वर्षांचा असताना. मायलाही आठवत होतं. म्हणूनच तिनं मान खाली घालून म्हटलं.

तारखेला नाना जमादाराच्या मोटारसायकलवर मागं बसून कोर्टात आले. टोपी कडक. जमादारानं पढवलं होतं, विचारतील त्याला हो म्हणायचं. सरकारी वकिलानं विचारलं, नाना हो म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. सुपडू पिंजऱ्यात उभा, नजर जमिनीवर.

मग बाई उठल्या.

"नाना, सुपडूच्या घराचं दार कोणत्या दिशेला आहे?"

नाना म्हणाले, "हो."

कोर्ट हसलं. बाई नाही हसल्या. "दिशा सांगा."

नाना जमादाराकडं बघायला लागले. आणि मागच्या बाकावर बसलेल्या मलाही सांगता आलं नसतं. नाल्यापलीकडचं घर. आमच्या मागच्या अंगणातून ते दिसायचं, पण तिकडं कधी नीट बघितलं नव्हतं. सुपडूच्या आवाजाचा मी एवढा मोठा जाणकार, आणि त्याचं दार मला ठाऊक नव्हतं.

"बरं, ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "कागदावर लिहिलंय, तुम्ही सुपडूच्या घरात गेलात, चुलीपाशी बसलात. जमनाबाईंनी पाणी दिलं असेल. प्यालात ना?"

नानांचा चेहरा लाल झाला. जमादाराचं सगळं शिकवणं त्यांच्या तोंडातून गळून पडलं. "मी? भिलाटीमा?" ते ओरडले. "जनममा पाय नही ठेवा मी तठे! कोन म्हनस मी पानी पिनू? बठ्ठा गावले इचारा!"

"मग सही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सही चौकीमा करी साहेब, चहा पीसन! कोरा कागद व्हता!"

जमादार पंख्याकडं बघायला लागला. टायपिस्टची बोटं खाडखाड चालली होती. सत्य बाहेर आलं होतं, आणि ते असलं घाणेरडं दार उघडून आलं होतं. माझा बाप सुपडूसाठी खरं बोलला नाही. सुपडूच्या घरचं पाणी आपल्या अंगावर उडू नये म्हणून खरं बोलला.

सुपडू सुटला. कोर्टाच्या आवारात मी त्याच्यापुढं उभा राहिलो. त्यानं विडी कानामागून काढली, पण पेटवली नाही.

"नाना खरं तेच बोलनात, भाऊ," तो म्हणाला. "कधीच नही उनात आमना घर."

त्यानंतर नानांना चौकीचा निरोप आला नाही. टोपी खुंटीवर. आता दुसरे एक प्रतिष्ठित सह्या करतात, बिस्किटंही मिळतात म्हणे. जमादाराची बदली झाली, नवा आला, त्याचीही नक्कल सोपी आहे. गाव काही सुधारलं नाही. मी सुधारलो असंही नाही. धुळ्यात खोली घेतली, टायपिंगवरून कारकुनीवर आलो, बाकावरच्या लोकांना "कागद मागा, आबा" असं बाईंच्या आवाजात सांगायला लागलो. दोन वर्षं सणावाराला गावी जायचो, पुढच्या दारानं आत, पुढच्या दारानं बाहेर.

मग एका पोळ्याला मी आमच्या मागच्या दारानं निघालो. नाला कोरडाच होता. पन्नास पावलं असतील, जास्त नाही. एकवीस वर्षं लागली.

जमनानं गोणपाट टाकलं, लोट्यात पाणी दिलं. मी प्यालो. सुपडू म्हणाला, "जमादारनी कर ना एकदाव," आणि मी केली, पोट पुढं काढून, आणि त्याची पोरं लोळून हसली. तेवढ्यात समोर बघितलं तर नाल्याच्या त्या बाजूला, आमच्या मागच्या दारात, नाना उभे. हाक मारली नाही. आत गेले नाहीत. मी रिकामा लोटा खाली ठेवेपर्यंत बघत राहिले.

तुम्ही सुरतवाले पत्रात विचारता, घराची आठवण येते का. येते. पण मला आता घर म्हटलं की आमचं आठवत नाही, ते दोन घरांमधलं पन्नास पावलांचं कोरडं अंतर आठवतं.

आणि सुपडूच्या घराचं दार पूर्वेला आहे. आमच्या मागच्या दाराच्या अगदी समोर. कोणी कोर्टात विचारलं, तर मला सांगता येईल.