दादांच्या हातातला रिमोट

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. बेलापुरात दादांचा आवाज ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडला नसता. एरवी साखर कारखान्यात पोती वाहायची आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी घेऊन गावोगाव फिरायचं. मुख्य गायक तेच. मध्येच माईक बंद पडला तरी पार मागं बसलेल्या बायकांना ऐकू जायचं, असला खडा आवाज. घरातही तोच. "कोन हाय रं तिकडं, पानी आन!" म्हणाले की शेजारच्या घरातली पोरं उठून उभी राहायची. त्यांचा तापटपणा माझ्यात पुरेपूर उतरला, गळा मात्र उतरला नाही.

त्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची, तीही जेमतेम. तोंडातून नुसतं 'आं, आं' यायचं, ते पुढच्या खोलीतसुद्धा ऐकू येत नसे. आई आधीच गेलेली. घरात मी, बायको आणि खाटेवर दादा. मी शाळेवर शिक्षक. दिवसभर त्यांचं सगळं बायकोच बघायची. ती मागच्या अंगणात धुणं धूत असली की दादांना काय हवं ते कळायला मार्ग नव्हता. उशाशी पितळी घंटा ठेवून पाहिली, पण ती उचलण्याइतकी पकड बोटांत राहिली नव्हती.

घरात एक डेक होता. लग्नानंतर मी हौसेनं नगरहून आणलेला, दोन मोठे स्पीकर आणि सोबत रिमोट. आमच्या आळीत रिमोट म्हणजे नवलच. बायकोनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर चढवून कपाटात ठेवून दिला होता. पाहुणे आले की काढायचा, दाखवायचा, परत ठेवायचा. डेक आम्ही आपले उठून हातानंच लावत होतो. त्या डेकमध्ये एक कॅसेट होती, दादांच्याच कार्यक्रमाची. कोपरगावला कुणीतरी भरून घेतली होती ती.

दादांचा जरा जीव रमावा म्हणून बायकोनं एका दुपारी रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला आणि त्यांचा अंगठा धरून बटण दाबलं. फळीवरच्या डेकमधून दादांचाच आवाज घरभर घुमला. ते हमसून हमसून रडले. मला वाटलं, झालं, आता हे रोजचं रडणं. पण चारच दिवसांनी मी शाळेतून आलो तर बायको दारातच उभी.

"अवो, दादा बोलावत्यात त्या डेकवरनं!"

"काहीतरीच. गाणं ऐकायचं असेल त्यांना."

"न्हाई वो. मी मागं होते, गाणं सुरू झालं म्हणून आत आले, तर लघवीच्या भांड्याकडं बघत व्हते. दोनदा झालं तसं."

तिचंच खरं होतं. तिनं कात्रीनं पिशवी तेवढ्यापुरती कापली आणि त्या बटणावर स्वतःची लाल टिकली चिकटवली, म्हणजे अंगठ्याला बरोबर लागावी. खाट डेकसमोर सरकवली. त्या दिवसापासून घरात दादांची हाक परत आली. कॅसेट जिथं थांबली असेल तिथून, अर्ध्या ओळीतूनच आवाज उठायचा, आणि आमच्यापैकी जो जवळ असेल तो धावायचा. पाणी, कूस बदलणं, पायावर बसलेली माशी. काम झालं की आम्ही गाणं थांबवायचो. लाईट गेली की बायको आपली शिवण घेऊन त्यांच्याजवळच बसायची. आळीतल्या लोकांना वाटायचं, म्हातारा आपलीच गाणी ऐकतोय. ऐकू दे बिचाऱ्याला, म्हणायचे.

सुरुवातीला मलाही भरून यायचं. पण खोटं कशाला बोलू? सहा महिन्यांत मला तो आवाज नकोसा झाला. घास तोंडाशी नेला की गाणं, चप्पल पायात घातली की गाणं. ज्या आवाजाला लहानपणी घाबरलो तोच पुन्हा मानगुटीवर बसला, असं वाटायचं. आणि तसं वाटल्याची लाज वाटून आणखीच राग यायचा.

मे महिन्यात बायको भावाच्या लग्नाला अकोल्याला गेली. माझ्यामागं मतदारयाद्यांचं काम होतं, म्हणून मी घरी. जाताना तिनं बजावलं होतं, "आवाज आला की उठायचं. चिडायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुढच्या खोलीत याद्या पसरून बसलो आणि गाणं सुरू झालं. गेलो, पाणी दिलं. परत बसतो न बसतो तोच गाणं. कूस बदलली. परत गाणं. भांडं दिलं, नको. चादर काढली, नको. पंखा वाढवला, नको. नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी बसलो की गाणं, उठलो की नुसतं बघणं. याद्यांमध्ये नावं चुकायला लागली आणि माझं डोकं फिरलं.

मी त्यांच्या हातातून रिमोट ओढून घेतला. पिशवी सरकवून मागचं झाकण काढलं, दोन्ही सेल खिशात टाकले आणि रिकामा रिमोट परत त्यांच्या मुठीत दिला.

"घ्या," म्हणालो, "आता दाबा किती दाबायचं ते."

वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्यांनी ऐकलं. तरी अंगठा त्या टिकलीवर गेलाच. मी तेवढं बघितलं आणि बाहेर आलो.

मग काय, छान शांतता. याद्या उरकल्या. उठून चहा केला, एकट्यापुरता. तो प्यायलो आणि तेव्हा कुठं मी आत गेलो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरकत सरकत थेट त्यांच्या तोंडावर आलं होतं. मान वळवता येत नव्हती. डोळ्यांतून, नाकातून पाणी गळत होतं. खालची गादी भिजलेली. आणि अंगठा अजून दाबतच होता, समोरच्या मुक्या डेककडं बघत. अरे देवा! मी काय केलं हे?

खिडकी लावली. त्यांना पुसलं, गादी बदलली. घाईत सेल दोनदा उलटे बसले. मी स्वतः बटण दाबलं. त्यांचा आवाज खणखणीत उठला. "बघा दादा, चालतोय. चुकलं माझं," म्हणत मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी डेककडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बोटं सैल सोडली. रिमोट खाटेखाली पडला. मी उचलून दिला. पुन्हा सोडला.

बायको आली. तिनं अंगठा धरून धरून परत शिकवायचा प्रयत्न केला. दादांनी मूठ आवळून घेतली. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मी सगळं ओकलो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं रिमोट उचलून उशाशी ठेवला. मग म्हणाली, "दरवेळी काय पायजेच असतं असं न्हाई वो. मीबी विचारून दमायचे. मग कळलं, कुनीतरी यावं, बसावं घटकाभर. तेवढ्यासाठीच बोलवायचे. मी जाऊन बसायचे."

मला ते माहीत नव्हतं. सेल काढण्याआधी दोन मिनिटं खाटेच्या कडेला टेकलो असतो तरी कळलं असतं.

दादा त्यानंतर चार महिने जगले. त्या चार महिन्यांत मी पुढच्या खोलीत बसणंच सोडलं. खुर्ची खाटेशेजारी नेली, तिथंच जेवायचो, वह्या तपासायचो. मी बसलो की ते डोळे मिटून घ्यायचे. रिमोट आम्ही रोज त्यांच्या बोटांशी ठेवायचो, त्यांनी तो एकदाही दाबला नाही. त्यांना पाणी हवंय की नको, हे आम्ही अंदाजानंच ठरवायचो. एका सकाळी आंघोळीला म्हणून उठलो आणि दारातच कुणीतरी भेटलं, बोलत उभा राहिलो. पाच मिनिटं, फार तर दहा. आत आलो तर सगळं संपलं होतं.

लोक म्हणाले, झोपेतच गेले, सुटले. डोळे टक्क उघडे होते त्यांचे. लाईट होती, रिमोट बोटांना लागून होता, मी दहा पावलांवर दारात उभा होतो. त्यांनी मला बोलावलं नाही.