पहिला ट्रक आमचाच

आम्ही डिचोली सोडली त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात गेले तर शाळेसमोरचा रस्ता रिकामा होता, तेव्हा तुम्हाला हे सांगावंसं वाटलं.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. त्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक दिवसभर एकामागे एक धावत. एका दुपारी शाळेतून येताना तुमचा बाबा चाकाखाली जाता जाता वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या बायका शाळेसमोर रस्त्यातच बसलो. शाळा सुटताना ट्रक थांबावेत, एवढीच मागणी.

पहिला ट्रक आला तो आमचाच. ड्रायव्हर सावंतवाडीकडचा, रोज आमच्याकडे जेवणारा. खिडकीतून म्हणाला, "वयनीनू, उठा बघू. गाडी आपलीच आसा मा."

शेजारीण दुसरीकडे बघत म्हणाली, "आता पळोवया, ही उठता काय."

बघूया म्हणे, मी उठते का. मी उठले नाही. इंजिन घरघरत होतं, मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. तेवढ्यात तुमचे आजोबा स्कूटरवरून आले. माझ्याकडे बघितलं, मग शाळेच्या फाटकात अडकलेल्या मुलांकडे. सगळ्यांसमोर ते मला उठवणार, असं वाटलं.

ते ड्रायव्हरला म्हणाले, "इंजिन बंद कर."

मुलं पलीकडे गेली. पुढे रोज त्या वेळी ट्रक थांबू लागले. आजोबा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तुमचा बाबा शिकून इतका लांब गेला, तो त्याच ट्रकच्या कमाईवर.