सगळ्यांना गणपतीचे डोळे: अंबड-जालन्याचे दोन दिवस

निवृत्त चित्रकला शिक्षिकेने घरी आराम करावा, असे सगळ्यांना वाटते. मला वाटत नाही. त्यामुळे अंबडला चित्रकलेच्या वर्गांवर शिकवणाऱ्या काळेचा, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "मॅडम, वर्गात संगणक आलाय. मेंदू आणि चित्राचं ते तुमचं व्याख्यान आमच्या पोरांना द्या की," तेव्हा मी लगेच पिशवी भरली.

औरंगाबादहून जालन्याला एसटी सारख्या सुटतात. अंबडसाठी तिथे गाडी बदलायची. सुटे पैसे ठेवा. नाहीतर कंडक्टर बाकी तिकिटामागे लिहून देतो आणि आपण विसरून उतरतो. जेवण काळेकडे: भाकरी, पिठलं आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा.

वर्गात राजूरची कविता भेटली. तिचे वडील तिथल्या देवळाबाहेर गणपतीच्या तसबिरी रंगवून विकतात. त्यातले डोळे रंगवायचे काम लहानपणापासून हिच्याकडे. दुसऱ्या दिवशी जालन्याच्या एका फ्लेक्सच्या दुकानात तिची परीक्षा होती. जुन्या, डागाळलेल्या फोटोवरून संगणकावर चेहरा काढायचा. जमला तर नोकरी, नाहीतर पुन्हा तसबिरी.

अडचण एकच. ती कुणाचाही चेहरा काढो, डोळे गणपतीचे.

"बघून काढ," मी म्हणाले.

"बघूनच काढून राह्यले, मॅडम!"

मागून कुणीतरी बोलले, "सोंड तेवढी राह्यली."

पोरगी खोटे बोलत नव्हती. 'डोळा' म्हटले की मेंदू समोरचा डोळा बघणे सोडतो आणि साठवणीतला काढून देतो. व्याख्यान बाजूला ठेवून मी काळेच्या आईचा फोटो पडद्यावर उलटा केला. आता डोळा डोळा वाटेना. नुसत्या रेषा आणि सावल्या. कविता कुरकुरत त्या काढत गेली. संध्याकाळी चित्र सुलटे केले, तर काळे दचकलाच. "आई रागावली की अश्शीच बघती!"

सकाळी कवितासोबत जालना. दुकानाच्या मालकांनी त्यांच्या दिवंगत आईचा फोटो दिला. कविताने तो संगणकात घेतला आणि पहिल्याच झटक्याला उलटा केला.

मालक ताडकन उठले. "ए पोरी! माझ्या मायला उलटं केलं?"

कविताचा हात थांबला. नोकरी गेली, असे तिच्या तोंडावर दिसले.

"खाली बसा," मी मालकांना म्हणाले. वर्गातला आवाज अजून शाबूत आहे. ते बसले.

"काढ गं."

चहा आला, तो निवला, दुसरा आला. मग तिने चित्र सुलटे केले. मालकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "बिलकुल माय," ते हळू म्हणाले. मग खाकरून, "उद्यापासून ये. पण गिऱ्हाइकासमोर कुणाची माय उलटी करायची न्हाई."

स्टँडवर कविताने एक गुंडाळी हातात कोंबली. घरी येऊन उघडली. माझे चित्र होते, आठवणीतून काढलेले. डोळे गणपतीचे. मी आयुष्यात कधी इतक्या मायेने कुणाकडे पाहिलेले नाही.

चूक दुरुस्त करायला परत पाठवणार होते. त्याऐवजी चौकट करून भिंतीवर लावले आहे, सुलटे.